युरियाच्या गोणीपासून केळीच्या डीएनएपर्यंत : जीवनाचं रसायनशास्त्र आपल्या शेतात आणि स्वयंपाकघरात

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावी सायन्सला गेली की जीवशास्त्रातलं बायोमॉलिक्यूल्सचं, म्हणजे सजीवांतल्या रेणूंचं प्रकरण त्यांना पहिल्यांदा घाम फोडतं. कार्बोहायड्रेट, लिपिड, प्रोटीन, न्यूक्लिइक ॲसिड, एन्झाइम अशी नावांची रांग लागते. सगळं इंग्रजीत असतं आणि डोळ्यांना दिसत काहीच नाही. मग पाठांतर सुरू होतं. पण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलांना हे प्रकरण पाठ करावं लागावं, हे मला पटत नाही. ते शिकायला लागणारं जवळजवळ सगळं साहित्य आपल्याकडे शेतात, खळ्यात आणि चुलीपाशी असतं. हे प्रयोग करा आणि मग पुस्तक उघडा, म्हणजे त्यातले शब्द ओळखीचे वाटतील.

आधी साहित्य जमवून ठेवा. घरातून मूठभर युरिया, कच्चं सोयाबीन, हळद, मीठ, भांडी धुण्याचं लिक्विड, शेंगदाणे, बटाटा, अगरबत्ती आणि शेतातला कापूस घ्या. एकाच घडातली हिरवी, अर्धवट पिकलेली आणि पूर्ण पिकलेली अशी तीन केळी हवीत. मेडिकलमधून तीन बाटल्या आणा : पोव्हिडोन आयोडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सर्जिकल स्पिरिट. पेरॉक्साइड हाताला आणि डोळ्यांना लागू देऊ नका. स्पिरिट लगेच पेट घेतं, म्हणून ते उघडण्याआधी गॅस, चूल, अगरबत्ती सगळं विझलेलं असू द्या. प्रयोगाला वापरलेली वाटी धुऊन पुन्हा जेवणाला घेऊ नका, ती वेगळीच ठेवा. आणि एक वही करा. काय मिसळलं, किती वेळ थांबलो, काय दिसलं, एवढंच लिहायचं, पण प्रयोग चालू असतानाच.

पहिली पायरी : युरिया

सुरुवात गोणीपासून करण्याला कारण आहे. युरियाच्या एका रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन आणि चार हायड्रोजन असे आठ अणू असतात. त्याच्या वजनाचा ४६ टक्के भाग नायट्रोजनचा, म्हणून तो खत आहे. हाच रेणू तुमच्या मूत्रातही आहे. प्रथिनं पचून उरलेला नायट्रोजन यकृत युरियात बदलतं आणि मोठ्या माणसाच्या शरीरातून रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो. कारखान्यातला युरिया आणि शरीरातला युरिया यांत तसूभरही फरक नाही.

दोनशे वर्षांपूर्वी हे कोणी मान्य केलं नसतं. सजीवांतले पदार्थ घडायला एक खास ‘जीवनशक्ती’ लागते, प्रयोगशाळेत ते होणे नाही, असं तेव्हाचे बहुतेक रसायनशास्त्रज्ञ मानत. १८२८ साली जर्मनीत फ्रीडरिश व्होलर यांनी अमोनियम सायनेट या निर्जीव क्षारापासून युरिया बनवून दाखवला. जीवनशक्तीची कल्पना त्या एका प्रयोगानं लगेच संपली नाही, ती हळूहळू मागे पडली. पण या विषयाचा पाया तोच आहे : सजीवांतले अणू वेगळे नसतात आणि त्यांना लागू होणारे नियमही वेगळे नसतात. वेगळी असते ती त्यांची मांडणी. माणसाच्या शरीराच्या वजनात साधारण ६५ टक्के ऑक्सिजन, १८ टक्के कार्बन, १० टक्के हायड्रोजन आणि ३ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे चारच मूलद्रव्यांत ९६ टक्के वजन आलं. त्यात कार्बन महत्त्वाचा, कारण तो एका वेळी चार बंध करतो आणि दुसऱ्या कार्बनशी जोडला जाऊन लांब साखळ्या, फांद्या, कडी बनवू शकतो.

एक चमचा युरिया अर्धा पेला पाण्यात टाकून ढवळा आणि पेला हातात धरा. तो गार लागेल, कारण विरघळताना युरिया पाण्यातली उष्णता घेतो. हे पाणी फेकू नका, पुढे लागणार आहे.

दुसरी पायरी : पाणी

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे जास्त ओढतो. त्यामुळे त्याची बाजू किंचित ऋण होते आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन. शेजारचे रेणू एकमेकांना धरतात, त्या पकडीला हायड्रोजन बंध म्हणतात. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा माठातलं पाणी गार राहतं ते याच पकडीमुळे. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याला वाफ होताना हे बंध तोडावे लागतात, त्याला भरपूर उष्णता लागते आणि ती माठातल्या पाण्यातून घेतली जाते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्यानं वाफ झपाट्यानं होते. घाम येऊन अंग गार होतं, तेही असंच.

एका पेल्यात पाणी घेऊन त्यात मीठ टाका, दुसऱ्यात शेंगदाण्याचं तेल. मिठातले धन आणि ऋण आयन, म्हणजे भार असलेले कण, पाण्याला धरता येतात, म्हणून मीठ विरघळतं. तेलाच्या रेणूवर धरायला असा भारच नाही. आता तेलाच्या पेल्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून ढवळा. तेल बारीक होऊन पाण्यात पसरेल. लिक्विडच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला. हे लक्षात ठेवा, कारण शेवटच्या प्रयोगाचं अर्धं मर्म इथे आहे.

तिसरी पायरी : केळी आणि कापूस

या पायरीला घाई करू नका. हिरवं, अर्धवट पिकलेलं आणि पिकलेलं केळं आडवं कापा. एक भाग आयोडीन आणि पाच भाग पाणी असं पातळ द्रावण करून तिन्ही चकत्यांवर थेंब थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. हिरवी चकती निळी-काळी होईल. पिकलेली जवळजवळ आयोडीनच्याच पिवळट-तपकिरी रंगाची राहील. अर्धवट पिकलेल्या चकतीवर रंग कुठे गडद आणि कुठे पुसट आला, ते वहीत चित्र काढून ठेवा.

निळा रंग म्हणजे स्टार्च, मराठीत पिष्ट. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू एकामागे एक जोडले की ही साखळी होते. ती मळसूत्रासारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या पोकळीत जाऊन बसलं की गडद रंग दिसतो. कच्च्या केळ्याच्या गरात वजनाच्या साधारण २० टक्के स्टार्च असतं. पूर्ण पिकल्यावर ते एक-दोन टक्क्यांवर येतं आणि साखर तेवढी वाढते. बाहेरून कोणी गोडी आणून घातलेली नसते. साखळीच तुटून साखर झालेली असते. वेफर्सला कच्ची केळी लागतात त्याचंही उत्तर इथेच आहे : पिकलेल्या केळ्याची चकती तेलात टाकली की साखरेमुळे करपल्यासारखी तपकिरी होते आणि कुरकुरीत होत नाही.

आता शेतातून थेट आणलेला कापूस घ्या. दुकानातलं कापड नको, त्याला खळ असू शकते आणि खळ म्हणजे स्टार्चच. कापसावर आयोडीन टाका. निळा रंग येणार नाही. कापसाचा धागा नव्वद टक्क्यांहून जास्त सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजही ग्लुकोजचंच बनलेलं आहे. दोन्हीकडे मणी तोच, पण ग्लुकोजला ग्लुकोज जोडण्याची दिशा वेगळी. स्टार्चमधल्या जोडाला अल्फा म्हणतात, सेल्युलोजमधल्या जोडाला बीटा. तेवढ्या फरकानं साखळी वळायची सोडून सरळ होते, शेजारच्या साखळ्यांना चिकटते आणि तिचा मजबूत धागा बनतो. एन्झाइम म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रिया झटपट घडवणारी प्रथिनं. आपल्या पोटात अल्फा जोड तोडणारी एन्झाइम आहेत, बीटा तोडणारी नाहीत. म्हणून आपण भाकरी पचवतो आणि कडबा पचवू शकत नाही. गाय-बैलांनाही ते स्वतः जमत नाही. त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव हे काम करून देतात.

एकच प्रयोग करायला वेळ असेल, तर केळी-कापसाचा करा. रेणूची मांडणी बदलली की गुण बदलतात, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

चौथी पायरी : शेंगदाणा आणि कळण्याची भाकरी

शेंगदाणा कागदावर ठेवून वाटीनं चिरडा आणि कागद उजेडासमोर धरा. पारदर्शक डाग दिसेल आणि तो वाळला तरी जाणार नाही. हे लिपिड, म्हणजे तेल-तुपासारखा स्निग्ध पदार्थ. एक ग्रॅम तेलात साधारण ९ किलोकॅलरी असतात, एक ग्रॅम पिठुळ पदार्थात ४. थोड्या जागेत जास्त ऊर्जा साठवायची म्हणून बी तेल भरून ठेवतं. थंडीत घरातलं तूप थिजतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं. तेलाच्या साखळ्यांत कार्बन-कार्बन दुहेरी बंध जास्त असतात, तिथे साखळी वाकते आणि रेणू एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत. तुपातल्या बऱ्याच साखळ्या सरळ असतात.

प्रथिनांसाठी कळण्याची भाकरी घ्या. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, आणि ही आम्लं २० प्रकारची. त्यांतली काही शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं. उडदात ते भरपूर असतं, पण त्यात गंधक असलेली अमिनो आम्लं कमी, आणि ती ज्वारीतून मिळतात. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्यात एकाची उणीव दुसरा भरून काढतो. लायसिनचं नावही माहीत नसताना आपल्याकडच्या बायकांनी ही जोडी धरून ठेवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

प्रथिनाची रासायनिक चाचणी घरी करू नका. तिला कॉस्टिक सोडा लागतो, म्हणून ती शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोरच व्हावी. अंड्याचा पांढरा भाग पाण्यात मिसळून त्यात थोडा कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाच्या अगदी पातळ द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकले की जांभळा रंग येतो. बोर्डो मिश्रणात वापरतात तेच हे मोरचूद. जास्त थेंब टाकले तर मोरचुदाच्या निळ्या रंगात जांभळा रंग हरवतो.

पाचवी पायरी : एन्झाइम

पहिल्या पायरीतलं युरियाचं पाणी आता घ्या. आधी हळदीचा कागद करा : हळद थोड्या स्पिरिटमध्ये कालवून पांढऱ्या कागदाला लावा, सावलीत वाळवा आणि पट्ट्या कापा. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकल्यावर पट्टी लाल झाली, तर कागद चांगला झाला. अल्कलीत हळद लाल होते, कपड्यावरच्या डागाला साबण लावल्यावर होतो तसाच हा रंग.

कच्चं सोयाबीन मिक्सरमध्ये बारीक करा. बाजारचं भाजलेलं पीठ किंवा सोयावडी चालणार नाही, आणि का चालणार नाही ते लगेच कळेल. तीन वाट्या मांडा. पहिलीत दोन चमचे कच्चं पीठ आणि युरियाचं पाणी. दुसरीत तेवढंच पीठ पाण्यात वीस मिनिटं उकळून गार केलेलं आणि त्यात युरियाचं पाणी. तिसरीत कच्चं पीठ आणि साधं पाणी. प्रत्येक वाटीवर ओली केलेली हळदीची पट्टी आतल्या बाजूनं चिकटवलेलं झाकण ठेवा. पट्टी पाण्याला टेकू देऊ नका. अर्ध्या-एक तासानं झाकणं उघडा. पहिल्या वाटीला अमोनियाचा उग्र वास येईल आणि पट्टी लालसर झालेली असेल. बाकीच्या दोन्ही पिवळ्याच राहतील. वास दुरूनच घ्या, नाक वाटीवर नेऊ नका.

कच्च्या सोयाबीनमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतं. नुसत्या पाण्यात युरिया आपोआप फुटायला वर्षं लागतात, इथे एका तासात वास आला. उकळल्यावर पिठातले अणू गेले नाहीत, पण प्रथिनाची घडी मोडली. एन्झाइमचं काम त्या घडीवर अवलंबून असतं, म्हणून ते बंद पडलं. तिसरी वाटी कशासाठी, असं मुलं विचारतात. ती नसती तर पट्टी नुसत्या सोयाबीनमुळेच लाल झाली असेल, अशी शंका उरली असती. तुलनेसाठी ठेवलेल्या अशा वाटीला कंट्रोल म्हणतात आणि तिच्याशिवाय केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवू नये.

एन्झाइम हे प्रथिन असतं, हे पहिल्यांदा याच युरिएजवरून दिसलं. १९२६ साली अमेरिकेत जेम्स समनर यांनी एका शेंगवर्गीय बियांतून युरिएजचे स्फटिक वेगळे केले. त्यांचं म्हणणं बराच काळ मानलं गेलं नाही, १९४६ साली मात्र त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. सोयापेंड नीट शिजली आहे की नाही, हे पशुखाद्याच्या कारखान्यात आजही युरिएज तपासूनच ठरवतात.

मातीतल्या सूक्ष्मजीवांकडेही युरिएज असतं. युरिया वर फेकून तसाच ठेवला, तर आपल्या अल्कधर्मी काळ्या जमिनीत आणि उन्हात त्यातला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो. मातीआड केला किंवा लगेच पाणी दिलं, तर तो जमिनीत टिकतो. घरच्या शेतात हे सांगायला अकरावीचा विद्यार्थी पुरेसा आहे.

दुसरं एन्झाइम पटकन बघून घ्या. कच्च्या बटाट्याचे तुकडे अरुंद पेल्यात टाकून त्यावर पेरॉक्साइड ओता. फेस उसळेल. पेटवलेल्या अगरबत्तीची ज्योत विझवून तिचं निखाऱ्याचं टोक फेसाच्या वर धरा, ते जास्त तेजाळेल, कारण तो वायू ऑक्सिजन आहे. स्पिरिटची बाटली यावेळी दुसऱ्या खोलीत असू द्या. हे काम कॅटलेज करतं. पेशींत सतत तयार होणारं पेरॉक्साइड ते फोडतं, नाही तर पेशीचं नुकसान झालं असतं. उकडलेल्या बटाट्यावर फेस येत नाही.

आता पुन्हा केळ्याकडे या. केळं पिकवणारा संदेश म्हणजे इथिलीन, दोन कार्बन आणि चार हायड्रोजनचा साधा वायू. तो फळ स्वतःच सोडतं, म्हणून एक पिकलेलं केळं डब्यात ठेवलं की बाकीची लवकर पिकतात. रावेर, यावल, सावदा भागातल्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोल्यांत, इथिलीन सोडतात आणि तापमान साधारण १६ ते १८ अंश ठेवतात. ते का ठेवावं लागतं, हे आता तुम्ही स्वतः सांगू शकता. सालीचं हरितद्रव्य आणि गरातलं स्टार्च वेगवेगळी एन्झाइम फोडतात, आणि तापमान वाढलं की दोन्हींचा वेग सारखा वाढत नाही. उन्हाळ्यात घरी पिकवलेलं केळं आतून मऊ आणि सालीनं हिरवट राहतं ते त्यामुळेच. उलट, फ्रिजमध्ये १३ अंशांच्या खाली पेशींचं नुकसान होऊन साल काळी पडते. कॅल्शियम कार्बाइडनं फळं पिकवायला देशात बंदी आहे. त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि त्यात आर्सेनिक, फॉस्फरसची विषारी भेसळ असू शकते.

सहावी पायरी : डीएनए

पूर्ण पिकलेल्या केळ्याचा अर्धा भाग अर्ध्या पेल्या पाण्यात कुस्करा. त्यात एक छोटा चमचा मीठ आणि दोन छोटे चमचे भांड्याचं लिक्विड घालून हळूच मिसळा, फेस होऊ देऊ नका. दहा मिनिटं ठेवून पातळ सुती कापडातून गाळा. तोवर स्पिरिटची बंद बाटली बर्फ आणि मिठाच्या पातेल्यात ठेवून चांगली गार करा. गाळलेला रस अरुंद काचेच्या पेल्यात घ्या आणि पेला तिरका धरून त्याच्या काठावरून तेवढंच स्पिरिट सावकाश सोडा. दोन थर वेगळे दिसले पाहिजेत. पेला हलवू नका. पाच-दहा मिनिटांत त्या थरांच्या सीमेवर पांढरे, चिकट धागे वर येऊ लागतील. काडीला गुंडाळून ते बाहेर काढता येतात.

दुसऱ्या पायरीत लिक्विडनं तेल फोडलं होतं, तेच इथे घडलं. पेशीभोवतीचं आणि केंद्रकाभोवतीचं आवरण लिपिडचं असतं, ते फुटून डीएनए बाहेर आला. डीएनएच्या कण्यावर फॉस्फेटचा ऋण भार असतो. मिठातल्या सोडियमनं तो झाकला, म्हणून धागे एकमेकांजवळ येऊ शकले. मीठ असताना डीएनए अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो वेगळा झाला. धागे आले नाहीत, तर बहुतेक वेळा स्पिरिट पुरेसं गार नसतं किंवा त्यात पाणी जास्त असतं. सॅनिटायझरच्या जेलनं हा प्रयोग होत नाही. आणि हातात आलेला सगळा पुंजका शुद्ध डीएनए नाही, त्यात केळ्याचं पेक्टिन आणि थोडं प्रथिनही अडकलेलं असतं.

फ्रीडरिश मिशर यांनी १८६९ साली जखमेच्या पट्ट्यांवरच्या पुवातल्या पेशींतून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा केला. १९५२ साली रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत निघालेल्या क्ष-किरण छायाचित्राच्या आधारे वॉटसन आणि क्रिक या शास्त्रज्ञांनी १९५३ साली त्याची दुहेरी पिळाची रचना मांडली. आयोडीननं जे केळं निळं झालं, त्यात स्टार्च कधी साठवायचं आणि कोणतं एन्झाइम कधी बनवायचं, याची माहिती याच धाग्यांवर लिहिलेली असते.

आपल्या शेतातल्या ग्रँड नैन केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, प्रत्येकी ११, म्हणजे एकूण ३३. तिनाच्या दोन समान वाटण्या होत नाहीत, म्हणून बीज तयार होत नाही आणि लागवड कंदानं किंवा टिश्यू कल्चरच्या रोपांनी करावी लागते. म्हणजे एका बागेतल्या हजारो झाडांचा डीएनए जवळपास एकसारखा. एक रोग एका झाडाला चालला, की बाकीच्यांकडेही वेगळा बचाव नसतो. रावेर-यावलच्या बागांना त्रास देणारा सीएमव्ही हा मोझॅक विषाणू मावा किडीमार्फत पसरतो आणि त्याच्याकडे डीएनए नसतो, त्याची सगळी माहिती आरएनए या डीएनएसारख्याच दुसऱ्या रेणूवर असते. मावा आटोक्यात ठेवणं आणि रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणं यावर शेतकऱ्यांचा भर असतो, कारण लागण झालेल्या झाडाला बरं करणारं औषध नाही.

एवढं झाल्यावर पुस्तकातलं प्रकरण या क्रमानं वाचा : आधी पाणी, मग कार्बोहायड्रेट, लिपिड, प्रथिनं, एन्झाइम आणि शेवटी न्यूक्लिइक ॲसिड, म्हणजे डीएनए आणि आरएनए. प्रत्येक भाग वाचताना वहीचं त्या प्रयोगाचं पान शेजारी उघडं ठेवा. पुस्तकातली व्याख्या वाचून झाली की तिच्याखाली स्वतःच्या प्रयोगातलं एक उदाहरण लिहा. सेल्युलोजखाली कापूस, युरिएजखाली पहिली वाटी, डिनेचरेशनखाली, म्हणजे प्रथिनाची घडी मोडण्याखाली, दुसरी वाटी. ज्या व्याख्येखाली लिहायला काहीच सुचलं नाही, ती व्याख्या अजून समजलेली नाही असं धरा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न त्यावर विचारा.